एक्स्प्रेस पास आणि साधी रांग: थीम पार्कने वेळ विकावा का?

सावली

जादा पैसे भरले की थीम पार्कमध्ये रांग टाळता येते. कुठे त्याला एक्स्प्रेस म्हणतात, कुठे फास्टट्रॅक. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो, आणि का वाटतो ते नीट मांडते.

पैसेवाल्यांनी मजा करू नये असं माझं म्हणणं नाही. त्यांनी महागड्या हॉटेलात उतरावं, हवं ते खावं, त्यात माझं काही जात नाही. राइडची गोष्ट निराळी आहे. तासाला किती माणसं बसणार हे यंत्रावर ठरतं. समजा, तासाला ६०० जण बसतात आणि साध्या रांगेत ६०० जण उभे आहेत. शेवटच्या माणसाचा नंबर तासाभरात लागेल. प्रत्येक फेरीतल्या निम्म्या जागा एक्स्प्रेसला दिल्या की त्याच रांगेला दोन तास लागतात. चारातल्या तीन दिल्या तर चार तास. पार्कने नवी राइड बांधलेली नाही, एक डबाही जास्तीचा जोडलेला नाही. जे विकलं तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा वेळ होता.

मी माध्यमिक शाळेत शिकवते, सहलीबरोबर जाते. आमची मुलं एसटीने येतात, शैक्षणिक सहलीला निम्मं भाडं पडतं म्हणून. पहाटे निघून अकराच्या सुमारास पोचायचं आणि पाचला गाडी सोडायची, कारण रात्री मुलांना घरी पोचवायचं असतं. गेल्या डिसेंबरात एका पार्कमध्ये (नाव मुद्दाम देत नाही) मोठ्या रोलर कोस्टरच्या जिन्याखाली, दोन रांगा एकत्र येतात तिथे, आम्ही उभे होतो. एक पोरगेलासा कर्मचारी साखळी धरून होता. पलीकडे वेगळ्या रंगाची पट्टी बांधलेले हात दिसले की साखळी त्यांच्यासाठी उघडायची. आमच्यातले चार सोडले की परत लावायची. आठवीतली एक मुलगी मोजत होती. म्हणाली, "बाई, आपले चार, त्यांचे बारा." खाली फलकावर "येथून ४५ मिनिटे" लिहिलेलं होतं. वर चढेपर्यंत त्याच्या दुपटीहून जास्त वेळ गेला, आणि दोन मोठ्या राइड न करताच मुलं गाडीत बसली.

त्यांच्या पालकांनी तिकिटाचे पूर्ण पैसे भरले होते. तिकीट घेताना त्यांना कोणी सांगितलं होतं का, की तुमच्या मुलांचा नंबर चारास बारा या प्रमाणात लागणार आहे?

हिशेबी

सावलीताई, मुलांचं वाईट वाटलं, पण गणितात एक गोष्ट राहिली. एक्स्प्रेसवाले आकाशातून पडत नाहीत. पास नसता तर ते तुमच्याच रांगेत, कदाचित तुमच्या पुढेच, उभे असते. तेव्हा रांग ६०० ची नसती, हजाराची असती. आलेली माणसं तेवढीच, जागा तेवढ्याच. काहींचा वेळ वाचला आणि काहींचा वाढला हे खरं आहे, पण तासाचे चार तास हा आकडा फुगलेला आहे.

सावली

मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. पास नसता तर तो माणूस दिवसभरात समजा पाच राइड करून दमला असता. पास असल्यामुळे तो दहा करतो, आवडलेल्या राइडवर दोनदा-तीनदा बसतो. माणसं तेवढीच राहिली तरी त्यांच्या फेऱ्या वाढतात, आणि वाढलेली प्रत्येक फेरी साध्या रांगेतून वजा होते. शिवाय लांब रांग बघून साधा तिकीटवाला मागे फिरतो, म्हणून फलकावरचा आकडा आटोक्यात दिसतो. न केलेल्या राइडची नोंद कुठेच होत नाही.

घाटमाथा

मी पर्यटन व्यवसायात आहे, कुठल्याही पार्कचा नोकर नाही. दुसरी बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

थीम पार्क हा आपल्याकडे फार बेभरवशाचा धंदा आहे. जमीन, परदेशातून आणलेली यंत्रं, सुरक्षा तपासण्या, वीज, शेकडो माणसांचे पगार हे सगळं बारा महिने चालू असतं. गर्दी मात्र शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. मंगळवारी जुलैच्या पावसात खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जाऊन बघा. इमॅजिका २०१३ मध्ये मोठ्या थाटात सुरू झालं, काही वर्षांत कर्जाखाली दबलं आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. सरकारनेही सुरुवातीला थीम पार्कच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी लावला होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला.

असा धंदा तगवायचा तर पैसा कुठून तरी यायला हवा. सगळ्यांचं तिकीट वाढवलं तर सर्वांत आधी शाळेच्या सहली बंद होतील. त्यापेक्षा ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त घेणं मला जास्त न्याय्य वाटतं. वंडरलाच्या पार्कमध्ये फास्टट्रॅक साध्या तिकिटाच्या दुपटीच्या आसपास पडतं. ते घेणारा माणूस तुमच्या मुलांच्या तिकिटाचा काही भार उचलतो.

रानफुल

घाटमाथा यांच्याशी सहमत. शिवाय प्रत्येकाकडे पैसा आणि वेळ सारखा नसतो. माझे आईवडील आयुष्यात एकदाच अशा ठिकाणी आले. गुडघ्यांमुळे वडिलांना अर्धा तासही उभं राहवत नाही. आम्ही जादाचे पैसे भरले आणि त्यांनी नातवाबरोबर दोन राइड केल्या. आम्ही कोणाचा हक्क मारला असं मला वाटत नाही.

अटलांटापार

अमेरिकेत राहते, म्हणून पैसे घेऊन रांग टाळू देणं इथे किती लांबवर गेलं ते सांगते. "भार उचलतो" हा युक्तिवाद डिस्नीच्या बाबतीत तरी टिकलेला दिसत नाही.

१९५५ मध्ये डिस्नीलँड उघडलं त्याच वर्षी कुपनांची पुस्तिका आली. साध्या राइडला ए, मोठीला त्यापुढचं अक्षर, आणि १९५९ पासून सर्वांत भारी राइडना ई. भारी राइडला जास्त पैसे, पण रांग सगळ्यांना एकच. ही पद्धत १९८२ मध्ये संपली. १९९९ मध्ये फास्टपास आला, आणि तो फुकट होता. यंत्रात तिकीट घातलं की ठरावीक वेळेची चिठ्ठी मिळायची, तोवर तुम्ही दुसरीकडे फिरा. लवकर उठून येणाऱ्या कोणालाही ते जमायचं. २०२१ मध्ये फास्टपास बंद झाला आणि त्याच ऑक्टोबरात फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कमध्ये माणशी १५ डॉलरपासून सशुल्क सेवा सुरू झाली. वर्षभरात दर गर्दीप्रमाणे बदलू लागले. २०२४ च्या अखेरीस प्रीमियर पास आला. फ्लोरिडात तो सुरू झाला तेव्हा पार्क आणि दिवस बघून माणशी १२९ ते ४४९ डॉलर, आणि प्रवेशाचं तिकीट त्याहून वेगळं.

या सगळ्या काळात साधं तिकीट स्वस्त झालं का? नाही, तेही चढतच गेलं. फुकट मिळणारी सोय आधी काढून घेतली आणि मग तीच विकली. एकदा विकायला सुरुवात झाली की साधी रांग जितकी त्रासदायक, तितका पास जास्त खपतो. रांग कमी करण्यात पार्कचा फायदाच उरत नाही. मला सर्वांत जास्त भीती याची वाटते.

घाटमाथा

डिस्नीकडे गर्दी जास्त आणि जागा कमी, आपल्याकडे उलट. तिथला आजार इथे चिकटवू नका. आपल्याकडे वर्षातले बरेचसे दिवस पास घेण्याची गरजच पडत नाही.

सावली

मग सहलींच्या दिवसांत तरी तो विकू नका, किंवा मोजकाच विका. सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, नेमक्या तुमच्या गर्दीच्या दिवसांत.

पायवाट

एवढं काय? देवळात पैसे भरून दर्शन चालतं, मग पाळण्याला का नको?

सावली

देवळातही चालू नये असंच माझं मत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका आली होती. आपण असा आदेश देऊ शकत नाही म्हणून न्यायालयाने ती फेटाळली, पण देवळात विशेष वागणूक असू नये असं वाटतं हेही नोंदवलं. तो विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

स्वराची आई

माझी मुलगी स्वमग्न आहे. गोंगाट, अंगाला लागणारी माणसं, कधी नंबर येणार ते न कळणं हे तिला सहन होत नाही. रांगेत वीस मिनिटं झाली की ती कानांवर हात दाबून खाली बसते, आणि आजूबाजूचे लोक "शिस्त नाही लावली" अशा नजरेने बघतात. आम्ही गेलो त्या पार्कमध्ये मी यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) दाखवलं. खिडकीवरच्या माणसाने सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, एक्स्प्रेस घ्या ना." घेतला, चौघांचा. तो दिवस तिच्यासाठी खरंच छान गेला.

म्हणून पास बंद करा असं मी म्हणू शकत नाही. पण जी सोय तिला हक्काने मिळायला हवी, ती मला विकत घ्यावी लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये करमणुकीत समान सहभाग मिळावा म्हणून सरकारने आणि स्थानिक संस्थांनी उपाय करावेत असं आहे. पार्कपर्यंत ते पोचलेलं नाही.

अटलांटापार

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. डिस्नीमध्ये दिव्यांगांसाठी रांगेत न थांबता ठरलेल्या वेळी परत येऊ देणारी मोफत सोय २०१३ पासून आहे. डिस्नीच्या आधीच्या दिव्यांग कार्डाचा गैरवापर फार झाला म्हणून ती आणली होती. २०२४ मध्ये निकष आवळले, आणि आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अडचण असलेल्यांसाठी आहे. सांधे, आतडी, हृदय यांचे आजार असलेले बरेच जण बाहेर राहिले. रानफुल यांच्या वडिलांसारख्यांना तिथेही पैसे भरूनच जावं लागेल. मोफत दार अरुंद होतं तेव्हा शेजारच्या सशुल्क दारापाशी कोण उभं राहतं, ते बघा. ते सगळे श्रीमंत नसतात.

रानफुल

हे मी या बाजूने पाहिलं नव्हतं. तरीही सांगते, तशी मोफत सोय असती तर वडील कार्ड घेऊन खिडकीवर उभे राहिले नसते. त्यांना कोणाची सवलत घ्यायला आवडत नाही. पैसे भरणं त्यांना सोपं गेलं.

कलमबहाद्दर

वकिली करतो म्हणून थोडं. खाजगी पार्कने दोन दरांची तिकिटं विकणं बेकायदेशीर नाही, त्यावर बंदी मागून हाती काही लागणार नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली, सेवेबद्दलची महत्त्वाची माहिती दडवून दिशाभूल करणं या मुद्द्यावर बोलता येतं. वेबसाइटवर "दिवसभर अमर्याद राइड" असं लिहायचं आणि गर्दीच्या दिवशी साध्या रांगेला किती जागा राहतात ते कुठेच सांगायचं नाही, यावर ग्राहक तक्रार करू शकतो. निकाल काय लागेल ते आज सांगता येणार नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. सावलीताई, तिकिटाची पावती आणि त्या फलकाचा फोटो आहे का?

सावली

पावती शाळेकडे आहे. फलकाचा फोटो एका मुलाच्या आईकडे आहे, विचारते.

मला तक्रारीपेक्षा तीन साध्या गोष्टी हव्या आहेत. एका फेरीत एक्स्प्रेसला जास्तीत जास्त किती जागा मिळतील ते पार्कने आधी ठरवावं आणि तिकीटखिडकीवर लिहावं. त्या दिवशी तेवढेच पास विकावेत. आणि फलकावरचा वेळ एक्स्प्रेसची रांग भरलेली असताना लागणारा असावा. स्वराच्या आईने मांडलेली सोय तर मोफतच हवी, त्यावर माझ्याकडे चर्चेला जागा नाही.

हिशेबी

तीन गोष्टींतली तिसरी मला लगेच पटली. फलक खरा असलाच पाहिजे. मर्यादा ठरवली तर पासची किंमत वाढेल आणि तो अजूनच मूठभरांचा होईल, हे मात्र लक्षात घ्या. आज नोकरदार माणूस वर्षातून एकदा परवडवतो, उद्या त्यालाही परवडणार नाही.

सावली

हो, वाढेल. मूठभर लोक पुढे गेले तर माझ्या मुलांचा नंबर वेळेत लागतो. निम्मं पार्क पुढे गेलं तर लागत नाही. मला पहिलं चालेल.

घाटमाथा

फलक आणि पासची मर्यादा, दोन्हींना माझी हरकत नाही. चांगले पार्क गर्दीच्या दिवशी पास थांबवतात, ते मी पाहिलेलं आहे. प्रमाण सरकारने ठरवून देऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. आणि एक व्यवहाराचं: सहलीचं बुकिंग करताना पार्कच्या ग्रुप बुकिंगच्या माणसाला लेखी विचारा की त्या दिवशी मोठ्या राइडवर शाळांसाठी वेगळी वेळ देता येईल का. सकाळी पार्क उघडतो तो पहिला तास एक्स्प्रेसवाले फारसे आलेले नसतात. अकराला पोचण्याऐवजी जवळ मुक्काम करून नऊला दारात उभे राहिलात तर फरक पडेल.

सावली

मुक्कामाचा खर्च आमच्या पालकांना झेपत नाही. लेखी विचारण्याचं मात्र करते. या वर्षीचं पत्र सोमवारी जातंय, त्यात चारास बाराचा प्रश्नही घालते. उत्तर आलं तर इथेच टाकेन.