विषय: कोल्हापुरातले पैशाचे वर्ग आणि आईची मजुरी

नमस्कार मंडळी,

सहा आठवडे कोल्हापुरात राहून परवाच परतले. मंडळात ठरल्याप्रमाणे सुभाषनगरजवळच्या एका वाचनालयात दर रविवारी सकाळी नववी ते बारावीच्या मुलांचे वर्ग घेतले. इथून तयार करून नेलेल्या स्लाइड पहिल्याच रविवारनंतर बंद केल्या. म्युच्युअल फंड, चक्रवाढ व्याज, सगळं मुलांनी निमूट उतरवून घेतलं, पण एकानेही प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या रविवारी म्हटलं, घरात जे बनतं किंवा विकलं जातं त्याचा हिशेब मांडून आणा. चपला बनवणाऱ्या घरातली दहावीतली एक मुलगी कापशी प्रकारच्या कोल्हापुरी चपलांचा जोडच घेऊन आली. चामडं, दोरा, रंग-पॉलिश धरून तिने 640 रुपये खर्च काढला होता. व्यापारी देतो 800. ‘नफा 160’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी विचारलं, चपलेवरची चामड्याची वेणी कोण घालतं? “आई.” किती वेळ लागतो? “निम्मी दुपार जातीय.” मग तिची मजुरी यात कुठं आहे?

“आईची कशाला धरायची? ती घरातच असतीय की.”

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाहेरनं घालून घेतली तर पैसे द्यावे लागतील की.” मुलीने वही पुढे ओढली. आईचे 150 धरले, वडिलांच्या कापणी-शिवणाचे 250. खाली उणे 240 आले. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली आणि मग चिडून म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं आम्ही पदरचं घालून विकतोय?”

त्यानंतरचा दीड तास वर्ग त्या पोरांनीच चालवला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाचीच खास वस्तू अशी अधिकृत ओळख) मिळालं हे तिला पाठ होतं. त्या मानांकनाच्या जोरावर व्यापाऱ्याशी दर कसा बोलायचा, हे तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वर्षीची रक्कम प्रोजेक्टरवर घालू नका. दर रविवारी न चुकता तिथे बसतील अशी गावातली चार-पाच माणसं आपल्याला शोधायची आहेत. आपण लांबून त्यांच्या पाठीशी राहू.

– ताई

---

ताई,

तुमची मेल घरात मोठ्याने वाचून दाखवली. इथे अमेरिकेत ज्युनियर अचीव्हमेंट ही संस्था 1919 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला निघाली, ती याच वाटेने. मुलांनी खरीखुरी छोटी कंपनी काढायची, शेअर विकून भांडवल जमवायचं, वस्तू करून विकायची, शेवटी हिशेब चुकते करून कंपनी बंद करायची. शिकवायला धंद्यातले, नोकरीतले लोक स्वयंसेवक म्हणून जातात. तुमच्या वर्गातल्या त्या मुलीला भांडवल जमवावं लागलं नाही, धंदा तिच्या घरातच होता.

एक धडा मात्र वाढवा. माझ्या थोरल्या बहिणीने निवृत्तीचे पैसे जास्त व्याज मिळतं म्हणून एका पतसंस्थेत ठेवले. संस्था अडचणीत आली आणि तिची वर्षं खेटे घालण्यात गेली. ती शिक्षिका होती, आयुष्यभर मुलांना व्याजाची गणितं घातली तिने. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या सुद्धा, विमा असतो आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. 2020 च्या फेब्रुवारीपासून बँकेतल्या ठेवीच्या विम्याची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख झाली आहे. पाटीवर दोन्हीकडे ‘सहकारी’च लिहिलेलं असतं, त्यामुळे माणूस फसतो. मुलांना घरातली पासबुकं आणायला लावा आणि पैसे बँकेत आहेत की पतसंस्थेत, ते त्यांनाच ओळखू द्या. भिशीचंही गणित घाला, घरोघरी असतेच.

– काका

---

काका, ताई, नमस्कार.

मी कोल्हापुरातच शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप चालवतो. या मेलच्या यादीत धाकट्या भावाने घातलं, एरवी नुसतं वाचतो. आज लिहितो कारण माणसं इथलीच लागणार आहेत.

आयटीआय करून माझ्याकडे पोरं येतात. मशिनवर हात बरा असतो. पहिला पगार झाला की मात्र हमखास एकजण चिठ्ठी घेऊन केबिनमध्ये येतो, “मालक, एवढे का कापले?” पीएफचे 12 टक्के असतात. मालकालाही तेवढेच भरावे लागतात आणि त्यातले काही त्या पोराच्याच पीएफमध्ये, काही त्याच्या पेन्शनसाठी जातात, हे त्याला माहीत नसतं. दोघेजण तर याच कारणाने काम सोडून, हातात रोख देणाऱ्याकडे गेले. रोख देणाऱ्याकडे ना पीएफ, ना अपघात झाला तर विचारणारं कोण. मला ते फार लागलं, कारण समजावून सांगायला अर्धा तास पुरला असता आणि तो मी काढला नव्हता.

शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं उभी केली म्हणून खेड्यातली पोरं या गावात राहून शिकली. आजही बाहेरगावची पुष्कळ पोरं खोल्या घेऊन राहतात. सुभाषनगरचा वर्ग बसला की दुसरा त्यांच्यासाठी काढू. माझ्या ओळखीतले एक फौंड्रीवाले आणि एक निवृत्त बँक कॅशियर तयार आहेत. दोघांनाही आधीच सांगून ठेवलंय, भाषण करायचं नाही.

या रविवारी साडेनऊला मी जातो. नाव झाकलेली पगाराची चिठ्ठी, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आणि वर्कशॉपमधल्या एका कामाचं कोटेशन नेतो. चपलेच्या हिशेबाची ती वही त्या मुलीला पुन्हा आणायला सांगा. मजुरी धरून दर कसा सांगायचा ते आमच्या कोटेशनशेजारी ठेवून दाखवता येईल. जमलं तर तिच्या आईलाही बोलवा.

ताई, वाचनालयाची किल्ली कुणाकडे असते तेवढं कळवा.

– उद्यमनगरचा दादा