कस्टम वॉटर कूलिंग: रेडिएटर एक की दोन?

मंडळी, कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायचाय, मदत हवी आहे. नागपूरचा उन्हाळा, दुपारी खोलीतच ३८ अंश. पाणी खोलीपेक्षा थंड होणार नाही हे कळतंय, तरी रायझन ५९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये (पाणी फिरवणाऱ्या नळ्यांच्या चक्रात) घ्यायचं खूळ डोक्यात बसलंय. (बायको म्हणते, त्यापेक्षा एसी घे!) कार्ड एकटंच ३२० वॉट खातं. मग ३६० मिमीचा एक रेडिएटर पुरेल की दोन लावू?

एक जुना रेडिएटर स्वस्तात मिळतोय, पण अ‍ॅल्युमिनियमचा. माझे ब्लॉक (चिपवर बसणारे, आतून पाणी वाहणारे ठोकळे) तांब्याचे. दोन्ही धातू एका पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, म्हणून नकोच ना? आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालेल, की तयार कूलंटच घ्यावं? नुसता पंप चालवून २४ तास गळती तपासणारच आहे.