पगारवाढ ६० हजारांची, कर ६२ हजारांचा?

रानजाई
नमस्कार. मी चाकणला ऑटो पार्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. २०२५-२६ साठी नवी करप्रणाली घेतली आहे. पगार वर्षाला १२,७५,००० रुपये, त्यामुळे इन्कम टॅक्स शून्य. आता एप्रिलपासून धरून ६०,००० ची वाढ देतायत. लाइनवरचे सगळे म्हणतात, स्लॅब बदलेल, घेऊ नकोस. खरंच सगळ्या पगारावर १५ टक्के लागतो का? दर महिन्याला २०० रुपये पीटी (व्यवसाय कर) कापतात, तो यातलाच का? आणि माझा भाऊ मित्राबरोबर भागीदारीत वर्कशॉप टाकतोय, त्याला कुठला स्लॅब?

तांबडी_वही
ताई, सांगलीत माझं कर सल्ल्याचं काम आहे आणि दर वर्षी कुणी ना कुणी स्लॅबच्या भीतीनं वाढ नाकारायला निघालेलं असतं. म्हणून नीट सांगतो.

स्लॅबचा दर फक्त त्या टप्प्यातल्या पैशाला लागतो. पहिल्या ४ लाखांना काही नाही, ४ ते ८ लाखांना ५ टक्के, ८ ते १२ ला १० टक्के, १२ ते १६ ला १५. वर गेलात म्हणून खालच्या पैशाचा दर बदलत नाही.

पण तुमच्या आकड्यापाशी स्लॅब नव्हे, रिबेट (करमाफी) आडवा येतो. पगारदारांना सरसकट मिळणारं ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन वजा जाऊन तुमचं करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख. त्यावर ६०,००० कर बसतो आणि आयकर कायद्याच्या कलम ८७-अ खाली तो पूर्ण माफ होतो. १२ लाखांच्या वर ही माफी संपते. वाढीनंतर उत्पन्न १२,६०,०००, स्लॅबप्रमाणे कर ६९,०००. मार्जिनल रिलीफमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेइतकाच, म्हणजे ६०,००० राहतो. त्यावर ४ टक्के सेस (करावरचा उपकर), एकूण ६२,४००. म्हणजे वाढ तर गेलीच, वर खिशातले २,४००. तुमच्या लाइनवरच्यांचं कारण चुकलं, पण या एका पट्ट्यात त्यांचं म्हणणं खरं आहे. सेस धरून हा पट्टा करपात्र १२,७४,००० च्या आसपास संपतो. वाढ १,२०,००० ची असती तर कर ८१,१२० होऊन ३८,८८० हातात राहिले असते.

पीटी वेगळा, तो राज्याचा. शेतीचं उत्पन्न सोडून बाकी उत्पन्नावर कर लावायचा अधिकार घटनेनं केंद्राला दिलाय; राज्याला कलम २७६ खाली व्यवसाय कर लावता येतो, तोही वर्षाला २,५०० पेक्षा जास्त नाही. म्हणून ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. महापालिका उत्पन्नावर काहीच घेत नाही, घरपट्टी घेते.

बॉयलर_शेजारी
केंद्राचा कर म्हणजे सगळा दिल्लीत राहतो असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगानुसार (२०२१-२२ ते २०२५-२६) वाटून घ्यायच्या करातले ४१ टक्के राज्यांना मिळतात आणि त्यातला ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. सेस आणि सरचार्ज (अधिभार) मात्र या वाटणीत धरतच नाहीत. ताईंच्या ६२,४०० मधले २,४०० हे सेसचेच. मला हे अजिबात पटत नाही. कर वाढवायचाच असेल तर तो वाटणीत येईल असा वाढवावा.

भावाचं: भागीदारी फर्मला स्लॅब नसतो. नफ्याच्या पहिल्या रुपयापासून ३० टक्के, सेस धरून ३१.२. कंपनी काढून २२ टक्क्यांचा पर्याय घेतला तर सरचार्ज, सेस मिळून २५.१६८.

तांबडी_वही
तेवढं बघून भावानं कंपनी काढू नये. काम करणाऱ्या भागीदारांचा पगार ठरलेल्या मर्यादेत फर्मच्या नफ्यातून वजा होतो आणि ज्याच्या त्याच्या उत्पन्नात स्लॅबनं मोजला जातो. फर्मनं कर भरून उरलेला नफा भागीदारांना वाटला तर त्यावर परत कर नाही. कंपनीच्या लाभांशावर मात्र घेणाऱ्याला कर आहेच. छोट्या वर्कशॉपला मी भागीदारीच सांगेन, फक्त करारनाम्यात पगाराचा आकडा किंवा तो काढायची पद्धत लिहून घ्या.

रानजाई
काका, खूप आभार. मग मी वाढ नाकारू का? मूळ पगार महिन्याला ५०,००० आहे.

तांबडी_वही
मुळीच नाही. वाढ पगारात न देता कंपनीच्या वाट्यानं एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरायला सांगा. नव्या प्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते. तुमच्या बाबतीत ८४,००० पर्यंत, म्हणजे ६०,००० सहज बसतात आणि कर शून्यच राहतो. तुम्ही स्वतः भरलेल्या रकमेला ही सवलत नाही, मालकाकडूनच जायला हवी. पैसा बरीच वर्षं अडकतो, तेवढा विचार करा. पत्र निघायच्या आत एचआरला भेटा.