अंगणातला बुलबुल, ३०० मिमीची लेन्स आणि मागची भिंत

प्रश्न (परभणी):
नमस्कार. आमच्या अंगणातील शेवग्यावर सकाळी लालबुड्या बुलबुल आणि शिंजीर नेमाने येतात. एपीएस-सी (३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७०-३०० मिमीची लेन्स लावून, ३०० मिमी आणि एफ/५.६ वर (हे लेन्सच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा लहान तेवढे छिद्र मोठे), साधारण ४ मीटरवरून मी फोटो काढतो. बुलबुलाचा डोळा लख्ख येतो, पण शेपटी धूसर होते. कुंपणाच्या भिंतीतील विटांचे सांधे मात्र ओळखू येतात. पार्श्वभूमी विरघळावी म्हणून एफ/४ ची महागडी लेन्स घ्यावी का?

उत्तर (लातूर):
माझ्या मते मुळीच घेऊ नये. पार्श्वभूमी किती विरघळते, हे अ‍ॅपर्चरइतकेच पक्षी आणि भिंत यांच्यातील अंतरावर ठरते. भिंत पक्ष्याच्या मागे दीड मीटरवर असेल आणि आपण तिच्याऐवजी सहा मीटरवरची पार्श्वभूमी मिळवली, तर धूसरपणा दुपटीहून अधिक वाढतो. एफ/४ ने तो जेमतेम दीडपट होईल. म्हणून गच्चीच्या जिन्यावर, शेवग्याच्या फांदीच्या उंचीला बसून पाहावे, म्हणजे भिंत चौकटीतून जाऊन दूरचा कडुनिंब मागे येईल. उन्हाळ्यात पाण्याचे परळ भिंतीपासून लांब, सावलीत ठेवून शेजारी वाळकी काटकी रोवली, तर पक्षी पाण्यावर उतरण्याआधी बहुधा तिच्यावर टेकतो.

उत्तर (बीड):
वरील मताशी सहमत आहे. शेपटीबद्दल थोडे लिहितो. आपण सांगितलेल्या मांडणीत डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढे-मागे जेवढी खोली स्पष्ट दिसते ती, जेमतेम ४ सेंटीमीटर मिळते, आणि बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २० सेंटीमीटरचा असतो. एफ/८ केले तरी ती साडेपाचच्या आसपासच जाते. तेव्हा पक्षी पूर्ण आडवा वळेपर्यंत थांबावे. डोळा, पंख आणि शेपटी एका प्रतलात आली की एफ/५.६ लाही सारे स्पष्ट येते. शिंजीर फुलासमोर क्षणभर पंख फडफडवत थांबतो, तेथे शटर १/२००० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. विणीनंतर नराचा झळाळता जांभळा रंग जाऊन पिवळसर पोटावर फक्त एक गडद पट्टा उरतो, आणि तो टिपायचा तर सकाळचे तिरपे ऊन हवे. आपल्याकडे मार्चपासून दहानंतर जमीन तापून हवा थरथरू लागते. लांबून घेतलेला फोटो मग कोणत्याही लेन्सने मऊ, म्हणजे किंचित धूसरच येतो. घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊ नये, ही विनंती.

प्रश्नकर्ता (परभणी):
आपणा दोघांचे आभार. जिन्यावरून कडुनिंब नेमका शेवग्यामागे येतो, हे आत्ताच पाहून आलो. लेन्सचा विचार सोडला आहे.