मदत हवी आहे: गुहेला लावलेली जाळी आता वटवाघळांच्याच मुळावर उठलीय

मंडळी, पन्हाळा तालुक्यात जांभ्या दगडातली एक नैसर्गिक गुहा आहे (नाव विचारू नका, रविवारी गर्दी होते). पोरं आत शेकोट्या करायची, म्हणून मार्चमध्ये आम्ही वर्गणी काढून तोंडाला लोखंडी दार बसवलं. दोन इंची चौकोनी जाळी, खालपासून छतापर्यंत. फोटो काढले, नारळ फोडला. अक्कल नंतर आली.

संध्याकाळी लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसलो. पाकोळ्या (लहान वटवाघळं) जाळीपर्यंत येतात, गरकन वळतात, पुन्हा आत. काही जाळीला लटकून, पंख दुमडून, सरपटत बाहेर पडतात. सकाळी उंबऱ्याशी दोन मेलेल्या सापडल्या. नाकावर नालासारखी घडी होती, बहुधा नालनाके.

सध्या रात्री दार उघडं ठेवतो, वरची फूटभर जाळी कापलीय. पूर्ण काढायला गाव तयार नाही, पोरं परत येतील म्हणतात. जागा देवस्थानची आहे, पुजाऱ्यांची हरकत नाही. आत सोलर दिवे लावायची टूम निघाली होती, शेवाळ धरेल म्हणून ती कशीबशी थोपवली.

वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून परदेशी पद्धतीत जाळीऐवजी आडवे गज लावतात आणि त्या गजांमध्ये पावणेसहा इंच, म्हणजे साधारण साडेचौदा सेंटीमीटर फट ठेवतात. वर्षाला मादीला बहुधा एकच पिल्लू, त्यामुळे चुकीच्या वेळी ठोकाठोक नको.

आपल्याकडच्या नालनाक्यांना ही फट चालते का, उभे आधार किती अंतरावर ठेवायचे, आणि वेल्डिंग कुठल्या महिन्यात करावं?