परीक्षिताच्या मुकुटात कली शिरला होता, की आपण शिरवला?

अंत्रुजी
श्रावण चालू आहे, फोंड्याकडे देवळादेवळांत कीर्तनं रंगलीत. परवा आमच्या वाड्यावर बुवांनी अर्जुनाचा नातू परीक्षित राजा, त्याचं आख्यान लावलं. आवाज गोड, पेटीची साथ त्याहून गोड. पण ऐन मोक्याला बुवा म्हणाले, "राजाच्या सोन्याच्या मुकुटात कली शिरला होता, म्हणून त्याच्या हातून ते घडलं. बिचाऱ्याचा काय दोष!" मंडपात सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही.

भागवताच्या पहिल्या स्कंधात हा मुकुट कुठे आहे? सतराव्या अध्यायात परीक्षित कलीला राहायला जागा नेमून देतो: जुगार, मद्य, स्त्रीसंग, हिंसा, आणि कलीने वर आणखी मागितलं म्हणून सोनं. अठराव्यात शिकारीत दमलेला राजा शमीक ऋषींच्या आश्रमात पाणी मागतो. ऋषी समाधीत, उत्तर येत नाही. राजाचं डोकं फिरतं आणि धनुष्याच्या टोकाने मेलेला साप उचलून तो त्यांच्या खांद्यावर टाकतो. भूक, तहान, राग, एवढंच कारण. एकोणिसाव्यात तर तो स्वतःच म्हणतो, 'अहो मया नीचमनार्यवत्कृतम्', मी नीचपणा केला. ज्याने केलं तो कबूल करतो आणि आपण त्याचं वकीलपत्र घेतो! भक्त ठरला की राजाला आपण फार स्वस्तात सोडतो.

कुळागर
अंत्रुजीबाब, पुढचं वाचलंत, मागचं राहिलं. बाराव्या अध्यायात परीक्षित जन्मतो तेव्हाच ब्राह्मण भविष्य सांगतात की ऋषिपुत्राच्या शापाने, तक्षक नागाकडून याला मृत्यू येईल. शाप ठरलेला, म्हणजे शापाचं निमित्तही ठरलेलं. आईच्या पोटात अश्वत्थाम्याच्या अस्त्रापासून कृष्णाने वाचवला म्हणून तो 'विष्णुरात', विष्णूने दिलेला. ज्याचं जगणं देवाचं, त्याचं मरण तेवढं त्याचं स्वतःचं कसं? बुवा मुकुट आणतात तो गोष्ट मनात ठसावी म्हणून. कीर्तनाला गेला होता की कोर्टात?

अंत्रुजी
भविष्य मरणाचं सांगितलंय. निरपराध माणसाच्या अंगावर साप टाक, असं कोणी सांगितलं नव्हतं.

पेडण्याचा दशावतारी
आमच्याकडे कली रंगमंचावर दिसावा लागतो, त्यामुळे मुकुटाबद्दल मी बुवांना दोष देणार नाही. पण महाभारताचं आदिपर्व कोणी काढत कसं नाही? तिथला परीक्षित निराळाच आहे. शापाबद्दल शमीकांचा निरोप आल्यावर हा मंत्र्यांशी मसलत करतो, एका खांबावर वाडा बांधतो, वैद्य आणि औषधं जमवतो. विष उतरवणारा काश्यप त्याला वाचवायला निघालेला असतो, पण तक्षक त्याला वाटेतच धन देऊन परत पाठवतो. आणि एवढ्या बंदोबस्तातून मरण येतं ते फळातल्या किड्याच्या रूपाने. मला हा राजा जवळचा वाटतो. दैव माहीत असूनही शेवटपर्यंत हातपाय मारतो. भागवतातला थेट गंगेकाठी जाऊन बसतो, मोठाच माणूस, पण भूमिका करायला अवघड.

साखळीची वहिनी
सगळे राजाबद्दल बोलताहेत. ज्यांच्या अंगावर साप पडला ते शमीक काय म्हणाले? ते राजाला शाप देणाऱ्या आपल्या मुलावरच रागावले. अपराध लहान, तू दंड मोठा दिलास, म्हणाले. राजा नसला तर चोर माजतील, प्रजेचे हाल होतील आणि ते पाप आपल्या माथी येईल, अशी त्यांची भीती. म्हणजे राजाला सांभाळून घेणं बुवांनी काढलेलं नाही, ते ग्रंथातच आहे. मात्र शमीक कलीचं नाव घेत नाहीत की दैवाचं. भुकेला, तहानेला, थकलेला होता, एवढंच म्हणतात.

मला खटकतं ते पुढचं. राज्याचा भार मुलावर टाकून हा सात दिवस कथा ऐकायला बसला. त्याला मोक्ष मिळाला, आणि मुलाने काय केलं? जनमेजयाने सर्पसत्र मांडून सापांच्या कुळांची कुळं होमली. बापाच्या भक्तीची किंमत भलत्यांनीच मोजली. सप्ताहात याच्यावर कोणी बोलत नाही.

कुळागर
वहिनी, जनमेजयाचं पाप बापाच्या खात्यावर कशाला? आणि आपल्या गोव्याचंच बघा. कदंब राजे स्वतःला 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद', म्हणजे सप्तकोटीश्वराच्या वराचा प्रसाद मिळालेले, म्हणवत, नाण्यांवर हे बिरुद घालत. त्याच सप्तकोटेश्वराचं देऊळ नार्व्याला शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभं केलं. राज्य हे देवाचं देणं, हे आपल्या मातीत मुरलेलं आहे. देणं देवाचं आणि चूक तेवढी राजाची?

अंत्रुजी
होय, तेवढी राजाचीच! प्रसाद मिरवायचा तर हिशेबही द्यायचा. काळ राजाला घडवतो की राजा काळाला, असा संशयच नको, असं भीष्म शांतिपर्वात युधिष्ठिराला बजावतात: 'राजा कालस्य कारणम्'. कलियुग येतं ते राजा चुकल्यावर. तुमच्या बुवांनी क्रम उलटा केला, आधी कली आणला आणि मग राजाला चुकवलं. आणि वेन राजा? यज्ञ बंद पाडले, मलाच पूजा म्हणाला, ऋषींनी नुसत्या हुंकाराने संपवला. याच्या नशिबात होतं म्हणून ते गप्प बसले नाहीत.

पेडण्याचा दशावतारी
वेनाचं आख्यान शेवटचं कधी ऐकलंत कीर्तनात? पहिल्या रांगेत देवळाचे महाजन, त्यांच्या शेजारी आमदार. बुवांनाही पुढच्या वर्षी बोलावणं हवंच असतं.

कुळागर
आणलंच शेवटी राजकारण! लावा वेनाचं आख्यान, मी पहिल्या रांगेत येऊन बसतो. बिदागी मात्र अंत्रुजीबाब देतील.