प्रतिसाद: काच फोडल्याशिवाय जाग येत नाही?

आंदोलनांच्या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, "एसटीच्या चार काचा फुटल्याशिवाय सरकारला जाग येत नाही." नाशिकमध्ये बसून हे वाचताना गंमत वाटली.

मार्च २०१८ मध्ये इथूनच, सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून), शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. पेठ-सुरगाण्याकडचे आदिवासी, बायाबापड्या, कित्येकांच्या पायांची सालटं निघालेली. मुंबईत पोचल्यावर दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून आझाद मैदान गाठलं. एरवी मोर्चा म्हटलं की नाक मुरडणारे मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. (ते किती पाळलं, हा वेगळा विषय. पुढच्याच वर्षी पुन्हा चालायला निघावं लागलं, यातच काय ते आलं.)

शांततेनं लगेच सगळं मिळतं, असं माझं म्हणणं नाही. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून इथल्याच काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. रामनवमीला रथ ओढण्याच्या वादात सत्याग्रहींवर दगड पडले. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटानं चालवला, तरी दार उघडलं नाही. पण दगड कुणी मारले आणि ते कुणाला लागले, याबद्दल आजही कुणाला शंका नाही. बस पेटली की नेमकं हेच उलटं होतं. मागणी बाजूला राहते, टीव्हीवर दिवसभर धूर दिसतो.

आणि एसटी कोण वापरतं हो? मंत्री? तीच सुरगाण्याची म्हातारी. काच फोडणाऱ्या पोरावर सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दलच्या १९८४ च्या कायद्याखाली गुन्हा लागतो, मग नोकरीच्या पोलीस पडताळणीत तोच आडवा येतो. भडकावणारा नेता तारखेला कोर्टाकडे फिरकतही नाही.